डाव्या बाजूचे दार

आमच्याकडे एक पद्मिनी आहे. ‘आहे’ हे क्रियापद तिच्या बाबतीत थोडे धीटपणानेच वापरावे लागते. अण्णांनी ती 1984 साली घेतली. मोटारीसाठी पैसे भरायचे आणि मग वर्षानुवर्षे नंबर लागण्याची वाट पाहायची, असा तो काळ. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली ती गाडी पार्ल्याच्या आमच्या आवारात आली, तेव्हा आईने तिच्या चाकांखाली लिंबे ठेवली आणि बॉनेटवर कुंकवाने स्वस्तिक काढले. पुढे शतक संपता संपता त्या मोटारीचे उत्पादन थांबले. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळे 30 ऑक्टोबर 2023 पासून मुंबईच्या रस्त्यांवरून काळ्यापिवळ्या पद्मिनीही गेल्या. आमची गाडी खासगी. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून घेत ती टिकून राहिली. पुढची तपासणी 2024 मध्ये होती, आणि डाव्या बाजूचे पुढचे दार नीट लागत नव्हते.

ते दार आईचे. अण्णा गाडी चालवीत आणि आई त्यांच्या डावीकडे बसे; 2009 साली अण्णा गेल्यावर मी चालवू लागलो, तरी तिची जागा बदलली नाही. बिजागऱ्या झिजून दार खाली बसले होते. ते लावताना हँडलला धरून किंचित वर उचलावे लागे आणि मग आत लोटावे लागे. ही हातोटी फक्त आईला साधली होती. पुढे जानेवारीत एके दिवशी काच खाडकन दाराच्या पोटात पडली, आणि आता हे काम आपणच करायचे, असे मी ठरवले.

दाराला आतून रेक्झिन लावलेला पुठ्ठा असतो. तो काढायचा, काच जागेवर बसवायची आणि पुठ्ठा परत लावायचा, एवढेच काम, अशी माझी समजूत होती. पंचवीस वर्षे बँकेत खुर्चीवर बसून काढलेल्या माणसाला ‘एवढेच’ हा शब्द सहज सुचतो. काच वरखाली करण्याच्या दांड्याच्या मुळाशी एक खिट्टी लपलेली असते. ती काढण्यात पाऊण तास गेला आणि निघाली ती उडून थेट शेजाऱ्यांच्या गाडीखाली गेली. पुठ्ठा ज्या चिमट्यांवर बसला होता, त्यांतले निम्मे हातातच तुटले. आतल्या पत्र्याला एक खिडकीवजा भोक होते. त्यातून हात तरी जातो किंवा नजर तरी. दोन्ही एका वेळी जात नाहीत. गाल दाराला टेकवून, आकाशाकडे बघत मी आत चाचपडत होतो. काच उचलावी तर खालची पट्टी सुटे. पट्टी धरावी तर काच तिरपी होऊन अडके. पत्र्याची कड सुरीसारखी. पहिल्या रविवारअखेर मनगटावर तीन पट्ट्या आणि काच होती तिथेच. आवारातून जाणारेयेणारे थांबून सल्ले देत. एकाने तेल घालायला सांगितले, एकाने गाडी विकायला. कोणी हात मात्र घातला नाही, आणि ते शहाणपणाचेच होते.

दुसऱ्या रविवारी विजेरी घेऊन बसलो तेव्हा दाराच्या तळाशी चिखल दिसला. बोटाने उकरला तर बोट पत्र्यातून आरपार बाहेर आले. दाराची खालची कड आतून गंजून कुजली होती. बाहेरून रंग शाबूत असल्याने कुणाला कळले नव्हते. तिथल्याच एका कोपऱ्यात पुट्टीचा एक टणक गोळा हाताला लागला, आणि मी पेचकस खाली ठेवला. तो गोळा माझा होता.

1991 च्या पावसाळ्यातली गोष्ट. मी कॉलेजात होतो. आईच्या पायाखालचे मॅटिंग सारखे ओले होई आणि तिच्या लुगड्याचा काठ भिजे. मी गाडीखाली वाकून पाहिले. चारही दारांच्या तळाशी लांबट भोके होती आणि त्यांतून थेंब पडत होते. पाणी इथूनच आत येते, असा शोध मी लावला आणि एका दुपारी चारही दारांची सगळी भोके पुट्टीने बुजवली. संध्याकाळी अण्णांनी प्रत्येक दारावरून बोट फिरवून पाहिले आणि म्हणाले, “हात चांगला आहे तुझा.” अण्णा कौतुक करणाऱ्यांतले नव्हते. परीक्षेच्या निकालावरही ते फक्त सही करीत. त्यांच्या तोंडून मिळालेले हे एवढे एकच वाक्य मी जन्मभर जपून ठेवले आहे.

दार सुंभाने बांधून गाडी कुर्ल्याला नेली. तिथल्या एका गल्लीत जुन्या गाड्यांचे पत्राकाम करणारे एक वयस्क डेंटर आहेत. सारी गल्ली त्यांना चाचा म्हणते. त्यांनी दाराचा तळ पाहिला आणि मान हलवली. “भोकं कोणी बंद केली?” मी केली, असे सांगितले. ते रागावले नाहीत. काचेच्या कडेने पाणी दारात उतरणारच, ते अडत नाही, म्हणूनच बनवणाऱ्याने तळाला भोके ठेवलेली असतात, हे त्यांनी मला लहान मुलाला सांगावे तसे समजावून सांगितले. पुठ्ठ्यामागचा कागद फाटला की त्यातले थोडे पाणी आत पायाशी येते; बदलायला हवा होता तो कागद. मग ते गाडीभोवती फिरले, तिन्ही दारांखाली हात घालून आले आणि म्हणाले, “पण बाकीची तीन उघडी आहेत की. कोणीतरी पेचकसाने खरवडलीत. जुनं काम आहे.”

ते काम माझे नव्हते.

घरी आल्यावर आईला विचारले. ती तांदूळ निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, “ह्यांनी केलं होतं ते. पुढल्याच वर्षी. कुणीतरी सांगितलं त्यांना, अशी भोकं बुजवायची नसतात म्हणून. तू परीक्षेला गेला होतास.”

“मला बोलले नाहीत कधी.”

“नको म्हणाले. पोराला वाईट वाटेल.”

“मग तुझंच दार कसं राहिलं?”

ती थोडा वेळ गप्प राहिली. “मीच राहू दे म्हटलं. माझे पाय भिजू नयेत म्हणून तर तू केलं होतंस.”

मला काही बोलता आले नाही. तेहतीस वर्षे ते पाणी आईच्या दारात साचत होते आणि आम्हा तिघांपैकी दोघांना ते ठाऊक होते. माझ्या हाताला चांगले म्हणणाऱ्या माणसाने माझ्या पाठीमागे बसून माझे काम खरवडून काढले, आणि तरीही आपले वाक्य परत घेतले नाही. त्या वाक्याची किंमत यामुळे कमी झाली की वाढली, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.

चाचांनी कुजलेला पत्रा कापून नवा तुकडा जोडला, बिजागऱ्यांना नव्या खिळी घातल्या आणि काच अर्ध्या तासात बसवली. पुठ्ठ्यामागे जाड प्लास्टिकही लावून दिले. माझ्याकडे एकच काम ठेवले: दर पावसाळ्याआधी छत्रीची काडी घालून भोके मोकळी करायची. गाडी तपासणीत पास झाली. दार आता एका बोटाने लागते. आई मात्र अजूनही ते सवयीने उचलूनच लावते.

जूनमध्ये पहिला पाऊस आला तेव्हा ती गॅलरीत उभी होती. तिने हाक मारली, “अरे, माझ्या दारातून पाणी गळतंय बघ.”

“गळू दे,” मी म्हटले. मग छत्रीची काडी घेऊन खाली गेलो आणि गाडीभोवती एक फेरी मारली. चारही दारे गळत होती.