उजवा गाल

मिरजेच्या एका स्टुडिओत 1987 साली काढलेला माझा एक फोटो आहे. पोस्टकार्ड आकाराचा, कृष्णधवल. स्थळांकडे पाठवण्यासाठी त्याच्या सहा प्रती काढल्या होत्या. पाच गावोगाव गेल्या, एक आईच्या ट्रंकेत राहिली. मागे रंगवलेला पडदा, त्यावर कमान, जिना आणि दूरवर एक तळं. शेजारी उंच स्टुलावर प्लॅस्टिकच्या फुलांची फुलदाणी. आत्याची काठपदराची साडी नेसून मी उभी आहे आणि माझा चेहरा उजवीकडे वळलेला आहे.

तो तसा का वळलेला आहे, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. आठ वर्षांची असताना दिवाळीत आई चकल्या तळत होती आणि मी तिच्याजवळ लुडबुडत होते. कढईतलं तेल उडालं. उजव्या गालावर, कानाच्या थोडं पुढे, चिंचोक्याएवढा काळसर डाग तेव्हापासून आहे.

स्टुडिओतले काका फार भले गृहस्थ होते. आईने त्यांच्या कानाशी काहीतरी सांगितलं. त्यांनी माझ्या हनुवटीला दोन बोटं लावून म्हटलं, "बाळ, जरा उजवीकडे बघ. अजून थोडं. हं, आता हलू नकोस." फोटो आला तेव्हा डागाची जी कड तरीही दिसायला हवी होती, तीसुद्धा नव्हती. पुढे कळलं की काळा डाग निगेटिव्हवर फिका उमटतो. त्या फिक्या जागी टोकदार पेन्सिलीने बारीक बारीक रेघा भरल्या, की छापताना तिथून उजेड कमी जातो आणि कागदावर तो डाग उजळून नाहीसा होतो. कुणीतरी काचेखाली दिवा लावून, वाकून, माझा गाल दुरुस्त केला होता.

यंदा माझी एकसष्टी. मुलगा म्हणाला, "आई, पत्रिकेसाठी तुझा एक चांगला फोटो हवा." माझ्या पोटात तीच दोन बोटं हलली. मुलीच्या ते लक्षात आलं असावं. ती म्हणाली, "आई, स्टुडिओ तासावर भाड्याने मिळतो. फोटोग्राफर घ्यायलाच हवा असं नाही. कॅमेरा तुझ्याकडे आहे, तूच तुझे काढ."

फोटो कोणाच्या नजरेने काढला जातो, हा प्रश्न काही आजचा नाही. राजा दीनदयाळ यांनी 1892 मध्ये हैदराबादला बायकांसाठी वेगळा जनाना स्टुडिओ काढला होता. पडद्यातल्या बायकांचे फोटो तिथे एक इंग्रज बाई काढत असे. समोर कोण उभं आहे यावर चेहरा मिटतो किंवा उमलतो, हे त्यांनी ओळखलं होतं. मला वाटलं, समोर कुणीच नसेल तर चेहरा काय करील, ते पाहावं.

पुण्यातल्या एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावरचा गाळा. दारात चपला काढल्या, कारण आतली जमीन पांढरी रंगवलेली. समोरची भिंत जमिनीला मिळते तिथे कोपराच नाही. ती गोलाईने खाली उतरते आणि नजरेला आधार म्हणून एक रेघही उरत नाही. स्टुडिओ सांभाळणाऱ्या मुलाने सॉफ्टबॉक्स, म्हणजे कापडी पेटीतला दिवा, लावून दिला, कॅमेऱ्यावर तो पेटवणारा ट्रिगर बसवला, "तासाभराने येतो काकू" म्हणाला आणि दार ओढून घेतलं. एअर कंडिशनरची घरघर तेवढी राहिली. इतक्या मोठ्या खोलीत इतकी एकटी मी बऱ्याच वर्षांत नव्हते.

स्वतःचा फोटो काढायचा तर पहिली अडचण फोकसची. जिथे उभं राहायचं तिथे कुणी नाही आणि जी उभी राहणार ती कॅमेऱ्यामागे. मी माझ्या उंचीएवढा स्टँड ठेवला, त्याला माझी कापडी पिशवी अडकवली, तिच्या शिवणीवर फोकस धरला आणि तो तसाच पक्का केला. स्टँडच्या पायाशी चिकटपट्टीची फुली मारली. शटर 1/125, छिद्र एफ 8, टायमर दहा सेकंदांचा. बटण दाबायचं, फुलीवर जाऊन उभं राहायचं, श्वास सोडायचा.

या धावपळीत मला फिलाडेल्फियाचा रॉबर्ट कॉर्नेलियस आठवला. 1839 साली आपल्या घरच्या दिव्यांच्या दुकानामागे त्याने कॅमेऱ्याचं झाकण काढलं आणि कॅमेऱ्यापुढे जाऊन थांबला, न हलता. माणसाच्या अगदी पहिल्या छायाचित्रांपैकी एक ते. केस विस्कटलेले, हाताची घडी, आकृती मधोमध न येता जरा कडेला गेलेली. ती कडेला का गेली, हे मला त्या दिवशी फुलीवर उभं राहून कळलं. आपण चौकटीत नेमके कुठे आहोत, हे तिथे सांगणारं कुणी नसतं.

पंधरा-वीस फोटो झाल्यावर मी कॅमेऱ्याजवळ जाऊन पाहू लागले. एक, दोन, पाच, दहा. प्रत्येकात माझा चेहरा उजवीकडे वळलेला होता. हनुवटीला कुणी हात लावला नव्हता. आई नव्हती, काका नव्हते. अडतीस वर्षांपूर्वीचं ते "हलू नकोस" माझ्या मानेने इतकं मनापासून ऐकलं होतं की ती अजून हलली नव्हती.

मी पांढऱ्या जमिनीवर खाली बसले. लाज वाटण्याची वेळ नव्हती, पण वाटली. मग तीस वर्षं फळ्यावर शिकवलेलं विज्ञान उपयोगी पडलं. उजेडाचा व्यस्त वर्गाचा नियम मी किती वर्गांना सांगितला असेल! अंतर निम्मं केलं की उजेड चौपट. सॉफ्टबॉक्सचा स्टँड मी उजव्या बाजूला ओढला आणि अगदी जवळ आणला. जवळ आलेला दिवा चेहऱ्याच्या मानाने मोठा होतो आणि सावलीची कड मऊ पडते, हेही पुस्तकातलंच. छिद्र एफ 16 केलं. डावीकडे थर्माकोलचा पांढरा तक्ता उभा केला, उडालेला उजेड परत फिरवायला. फळ्यावरचा नियम पहिल्यांदाच माझ्या स्वतःच्या कातडीवर पडत होता.

बटण दाबलं. फुलीवर गेले. आणि दहा सेकंदांत मान मुद्दाम, ठरवून, डावीकडे वळवली.

तो फोटो मोठा करून मी बराच वेळ बघत होते. डाग आरशात रोज दिसतो, पण आरशात आपण केस नीट करायला जातो, बघायला नाही. इथे तो शांत उजेडात होता. एका कडेला गोल, दुसऱ्या कडेला उतरता; तेलाचा थेंब जसा ओघळला तसा. पाहता पाहता आईच्या काही गोष्टी उलगडल्या. वेणी घालताना ती नेहमी माझ्या डाव्या बाजूला बसायची. दिवाळीत चकल्या तळताना मला माजघरात कोंडून ठेवायची. स्थळं येऊ लागली तेव्हा "हिचा फोटो जरा असा काढा" हे तिने सांगितलं, ते माझ्या दिसण्याच्या काळजीने, असंच मी धरून चालले होते. ती तिची कढई होती. तो डाग तिला बघवत नव्हता. पेन्सिलीने भरून काढायचं होतं ते तिचं तिला.

आता ती नाही. असती तर तो फोटो मी तिला दाखवला असता आणि म्हटलं असतं, बघ, काही वाईट दिसत नाही.

आपला चेहरा कसा धरायचा, हे आपल्याला बहुतेक वेळा प्रेमाच्या माणसांनीच शिकवलेलं असतं. म्हणून ते सुटत नाही. एक तास, एक दिवा आणि बंद दार मिळालं, तर आपण कोणत्या बाजूला वळतो ते प्रत्येकाने एकदा पाहावं.

परवा छापखान्यातून फोन आला. "बाई, गालावरचा डाग काढून टाकू का? मिनिटाचं काम आहे."

"राहू द्या," मी म्हणाले.

काल पत्रिका छापून आल्या. दोनशे प्रती. प्रत्येकीवर डाग आहे.