रस्त्यात सायकलीची जागा

साताऱ्यास पोवई नाक्यावरून राजवाड्याकडे सायकल दामटीत नेणे हा आमच्या शाळकरी वयातील मोठा पुरुषार्थ असे. चढ फारसा उभा नाही. पण तो लांबत जातो, आणि पुढे नळीवर धाकटा भाऊ बसलेला असला म्हणजे मोती चौक येईतो आमचा ऊर भरून येई. सायकल अर्थातच तासाच्या भाड्याची. नगरपालिकेचा बिल्ला नसला किंवा अंधार पडल्यावर दिवा नसला, म्हणजे पोलीस चाकांतील हवा सोडून देत, आणि आम्ही मुकाट्याने ती हातात धरून घरी येत असू. रस्ता कोणाचा, हा प्रश्न त्या काळी मनास शिवला नाही.

पुढे पोटामागे सांगलीस आलो. सांगली सपाट. सांगलवाडीकडून १९२९ सालच्या आयर्विन पुलावरून यावे, टिळक चौक मागे टाकावा आणि हरभट रोडने बाजारात शिरावे, यास सायकलीइतके सोयीचे वाहन दुसरे नाही असे आम्ही पुष्कळ वर्षे म्हणत होतो. म्हणत होतो खरे. पण आमची स्वतःची सायकल केव्हाच जिन्याखाली गेली होती.

गेल्या वर्षी शाळेच्या वादसभेत विषय निघाला तो हाच: हरभट रोडवर सायकलींसाठी वेगळा पट्टा आखावा की आखू नये? सभेस पालकांनाही बोलाविले होते, आणि मुलांपेक्षा तेच अधिक तावातावाने बोलले. एक कापडाचे व्यापारी उठून म्हणाले, "पट्टा आखा, पण गिऱ्हाइकाने गाडी कोठे लावायची ते आधी सांगा. गाडी लावायला जागा नाही असे दिसले की तो थेट विश्रामबागेकडे जातो." हे खोटे नव्हे. सायकलींच्या पट्ट्यास दोन मीटर तरी रुंदी हवी, आणि बाजारातील रस्त्यात दोन मीटर म्हणजे मोटारींची एक अख्खी रांग होय.

नववीतील एक विद्यार्थी तयारीने आला होता. त्याने हॉलंडचे उदाहरण दिले. १९७१ साली त्या चिमुकल्या देशात रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसे दगावली, आणि त्यांत चारशेहून अधिक मुले होती. तेव्हा तेथील आईबाप मुलांसह रस्त्यात येऊन उभे राहिले. आज जे सायकलमार्ग आपण चित्रांत पाहतो त्यांचा आरंभ पुष्कळसा तेथून आहे. यावर मागून कोणीसे म्हणाले, "हॉलंडात हरभट रोड आहे काय?" आणि सभा हसली. आम्हीही हसलो.

पुण्याचा दाखला मात्र दोन्ही पक्षांनी दिला. साताऱ्याचेच नाव असलेल्या तेथील रस्त्यावर, स्वारगेटपासून कात्रजपर्यंत, २००६ च्या डिसेंबरात जलद बसमार्ग सुरू झाला. त्या योजनेत सायकलमार्गही होता. पुढे २०१७ च्या डिसेंबरात महापालिकेने ८०० किलोमीटरहून अधिक लांबीच्या सायकलमार्गांचा आराखडा मंजूर केला. पण पुण्यास जाऊन पाहावे तो मध्येच खांब, मध्येच उभी केलेली मोटार, आणि पुढे मार्गच संपलेला. सायकलस्वार बिचारा पुन्हा मोटारींतच. मुंबईस तर वांद्रे-कुर्ला संकुलातील सायकलमार्ग काढून रस्ता रुंद करण्याचे २०२५ साली ठरले. कारण एकच सांगतात: त्यावरून कोणी जात नाही.

एक भाजीवाल्या बाई शेवटच्या बाकावर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "पट्टा मारायला आले की पहिला आमचा गाडा उचलत्याल. मोटारी राहत्याल तिथंच." यावर कोणी हसले नाही. पट्ट्याचे पुरस्कर्ते या गोष्टीचा विचार क्वचितच करतात, आणि आमच्या मते त्यांच्या बाजूची खरी उणीव तीच.

मग व्यापारी पुन्हा उठले. "अहो, शाळेच्या फाटकात मोजा. सायकली आहेतच किती?"

येथे आम्हांस एक गोष्ट आठवली, आणि ती वाचकांपासून लपविणे योग्य नव्हे. दोन वर्षांपूर्वी आठवीतील एक मुलगी शाळेस येताना, उभ्या मोटारीचे दार एकाएकी उघडल्यामुळे पडली. कोपर सोलले, अधिक काही झाले नाही. आम्ही तिच्या वडिलांस बोलावून घेतले. ते शिलाईकाम करतात. आम्ही वडीलकीच्या स्वरात सांगितले, "उद्यापासून मुलीला सायकलवर पाठवू नका." त्यांनी मान डोलाविली. तेव्हापासून ती रिक्षातून येते, आणि रिक्षा सुटेल म्हणून संध्याकाळच्या जादा तासास बसत नाही. गणितात ती मागे पडली, त्याचे कारण आम्ही तिला दोनदा सर्वांदेखत विचारले होते.

फाटकातील सायकली कमी का, या प्रश्नाचे निदान एका सायकलीपुरते उत्तर आमच्याजवळ होते. आम्ही उभे राहून ते सांगितले. मोटार तेथे का उभी होती, हे आम्ही त्या दिवशी कोणासच विचारले नव्हते, हेही सांगितले. मतमोजणीत पट्ट्याचा पक्ष सहा मतांनी हरला. अर्थात शाळेच्या ठरावाने हरभट रोडचा एक दगडही हलणार नव्हता.

सभा सुटल्यावर ते शिंपीदादा दारापाशी थांबले होते. "सर, मग आता सायकल बाहेर काढू का न्हाई?"

आम्हांस चटकन उत्तर देता आले नाही. रस्ता होता तसाच होता. 'काढा' म्हणणे सोपे, पण कोपर तिचे. शेवटी म्हणालो, "आठवडाभर आम्ही बरोबर येतो. मागल्या गल्ल्यांतून वाट काढून पाहू." ते काही बोलले नाहीत, मुलीकडे पाहू लागले. तिने विचारले, "सर, तुमची सायकल आहे?"

दुसऱ्या दिवशी जिन्याखालची सायकल दुकानात नेली. दुकानदाराने टायर दाबून पाहिले आणि म्हणाला, "दोन्ही ट्यूबा गेल्यात. शनिवारी या."