जोनाथन केंट कोसळतो तेव्हा

प्रिय ताई,

काल १९७८ चा 'सुपरमॅन' पुन्हा पाहिला. रिचर्ड डोनरचा, ख्रिस्तोफर रीव्हचा; आपण भाड्याच्या कॅसेटवर पाहिला होता तोच. तेव्हा आपल्याला त्यातलं उडणं तेवढं दिसलं होतं. या वेळी बाप दिसला, म्हणून लिहितोय. फोनवर हे नीट सांगता आलं नसतं.

जोनाथन केंट आठवतो? सुपरमॅनला पोटच्या पोरासारखा वाढवणारा शेतकरी. ग्लेन फोर्ड पडद्यावर जेमतेम काही मिनिटं आहे, पण माणूस उभा राहतो. क्लार्क धुमसत असतो. अंगात एवढी ताकद, आणि शाळेच्या संघात खेळायची सोय नाही. बाप त्याच्याबरोबर घराच्या वाटेने चालत समजावतो, की तू इथे आलास त्याला काहीतरी कारण असणार. कोणतं ते मला ठाऊक नाही, पण मैदान गाजवणं हे ते नव्हे. पोराचा राग निवळतो, तो घराकडे धावत सुटतो. बापही चार पावलं धावतो. थबकतो. एका हाताने दुसरा हात धरतो. आपल्याला काय होतंय हे त्याला कळलंय, एवढंच चेहऱ्यावर दिसतं, आणि तो कोसळतो.

ताई, बाबांनीही असाच हात धरला होता. तू तेव्हा गावाला नव्हतीस, म्हणून तुला सांगायचं राहून गेलं.

दफनभूमीत क्लार्क आईला म्हणतो, मला एवढं सगळं येतं, तरी मी त्यांना वाचवू शकलो नाही. मागे अथांग माळ आणि आभाळ. हे कॅन्ससचं गाव कॅनडातल्या अल्बर्टात चित्रित केलंय. छायाचित्रकार जेफ्री अन्सवर्थ चित्रपट लागण्यापूर्वीच गेले. चित्रपट त्यांनाच अर्पण केलाय.

आता शेवट. भूकंपात लोइसची गाडी जमिनीत गाडली जाते, ती मरते, आणि सुपरमॅन पृथ्वी उलटी फिरवून काळ मागे नेतो. लोक याला अजून नावं ठेवतात: विज्ञान कुठंय, आणि असं करता येतं तर मग काहीच का बिघडावं? मला ते पटत नाही. त्या क्षणी त्याला दोन आवाज ऐकू येतात. जन्मदाता जोर-एल, म्हणजे मार्लन ब्रँडो, बजावतो की मानवी इतिहासात ढवळाढवळ करायची नाही. दुसरा आवाज जोनाथनचा, त्या वाटेवरचा. पोरगा सांभाळणाऱ्या बापाचं ऐकतो. एकदा हात बांधलेले राहिले, आता राहणार नाहीत. ही झेप प्रेयसीसाठी असली तरी तिचं मूळ त्या थडग्यापाशी आहे, असं मला ठामपणे वाटतं.

आणि रीव्ह! लोइसच्या घरात, ती आतल्या खोलीत असताना, क्लार्क चष्मा काढतो, पाठ ताठ करतो, आवाज खाली उतरवतो. कपडे तेच, माणूस दुसरा. सांगून टाकावं असं त्याच्या मनात येतं, धीर होत नाही, खांदे पुन्हा पडतात. दृश्य-परिणामांसाठी ऑस्करने चित्रपटाचा खास गौरव केला, पण माणूस उडतो हे मला पटलं ते रीव्हच्या या पाठीच्या कण्यामुळे.

दिवाळीत येशील तेव्हा पुन्हा लावू. आईलाही बसवायचं का, ते तू ठरव. शेतातला तो प्रसंग येणार हे तिला आधी सांगावं असं मला वाटतं.

तुझा,
धाकटा