छातीवर कोण बसलंय?

सकाळचे साडेसात. अख्खं पुणं आंघोळ उरकून पोहे खात असतं, तेव्हा मी झोपायला जाते. यूएस शिफ्ट! कॅब बाणेरच्या फ्लॅटखाली सोडते, मी जाड पडदे ओढते, मोबाइल सायलेंटवर टाकते आणि आडवी होते. तीन वर्षं हेच रुटीन. त्यामुळे त्या दिवशी काही वेगळं होईल असं वाटायचं कारणच नव्हतं.

डोळे उघडले तर खोली नेहमीसारखीच. पंखा गरगरतोय, खुर्चीवर जीन्स पडलीय, किचनमध्ये रूममेटचा मिक्सर चाललाय. सगळं दिसतंय, ऐकू येतंय. फक्त मला हलता येत नाहीये. हात नाही, पाय नाही, मान नाही. ओरडायला गेले तर आवाज फुटेना. आणि मग जाणवलं, दारापाशी कुणीतरी आहे. दिसत नव्हतं, पण आहे हे शंभर टक्के माहीत होतं. ते पुढे आलं आणि सरळ माझ्या छातीवर बसलं. श्वास कोंडला. किती वेळ? मला विचाराल तर अर्धा तास. घड्याळाला विचाराल तर मिनिटभरही नसेल.

तुम्हाला खरं सांगू? एमबीए झालेली, राशिभविष्यसुद्धा टाइमपास म्हणून वाचणारी मी, त्या रात्री ऑफिसला जाताना गणपतीच्या देवळापाशी कॅब थांबवून आले.

आठवड्याभरात पुन्हा तेच. मग तिसऱ्यांदा. आता मला झोपेचीच भीती वाटायला लागली. कॉफीवर कॉफी ढोसून जागायचं, जेमतेम तीन तास झोपायचं. सुट्टीच्या दिवशी झोप यावी म्हणून दोन ग्लास वाइन. एकदा तर क्लायंट कॉलवर चक्क डोळा लागला. बॉस जे बोलायचं ते बोललाच, पण माझी खरी भीती वेगळीच होती. मला वेड तर लागत नाहीये ना? हे कुणाला विचारायची हिंमत होत नव्हती.

शेवटी मैत्रिणीने ओढतच सायकिअ‍ॅट्रिस्टकडे नेलं. डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि प्रश्न विचारले. उताणी झोपता का? किती तास? दिवसा आवरता न येणारी झोप येते का? खळखळून हसताना गुडघे लुळे पडतात का? शेवटच्या दोन्हींचं उत्तर ‘नाही’ आल्यावर ते हसले आणि म्हणाले, “याला स्लीप पॅरालिसिस म्हणतात. तुम्हाला वेड लागलेलं नाही.”

मी तिथेच रडले.

मग त्यांनी फंडा समजावला. झोप म्हणजे एकसलग काळोख नसतो. साधारण नव्वद मिनिटांची एकेक फेरी असते आणि प्रत्येक फेरीत एक टप्पा ‘रेम’ झोपेचा. बंद पापण्यांआड बुबुळं झरझर फिरतात तो. शिकागो विद्यापीठातल्या युजीन असेरिन्स्की आणि नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी १९५३ मध्ये हा टप्पा जगासमोर आणला. आपली ठसठशीत स्वप्नं बहुतेक याच टप्प्यातली. स्वप्नात आपण पळतो, भांडतो. ते खरोखर करायला लागलो तर पलंगावरून खालीच! म्हणून मेंदू तेवढ्यापुरतं हातापायांचं कनेक्शन काढून ठेवतो. डोळे आणि श्वासाचा पडदा तेवढे चालू राहतात.

गडबड होते ती वेळेची. जाग आधी येते, कनेक्शन नंतर जोडलं जातं. “मॅनेजर ऑफिसात पोचलाय, स्टाफ अजून ट्रॅफिकमध्ये आहे,” डॉक्टर म्हणाले. छातीचे स्नायू ढिले असल्याने मुद्दाम खोल श्वास घ्यायला जावं तर जमत नाही, आणि तेच ओझ्यासारखं वाटतं. मेंदूतलं भीतीचं केंद्र जोरात असतं, स्वप्नही अर्धंमुर्धं चालूच असतं. मग त्या भीतीला शोभेल असा पाहुणा मेंदू स्वतःच उभा करतो. अपुरी झोप, बदलत्या वेळा, उताणं झोपणं, हे सगळं त्याला आमंत्रण. आणि माझी वाइन? दारू आधी रेम झोप दाबते आणि मग ती उसळून येते. म्हणजे आगीत तेल मीच ओतत होते.

बरं, ही काही माझी एकटीची कहाणी नाही. न्यूफाउंडलंडमध्ये छातीवर म्हातारी बसते. जपानी लोक याला ‘कानाशिबारी’ म्हणतात. फ्युजेलीने १७८१ मध्ये ‘द नाइटमेअर’ हे चित्र काढलं, त्यातही झोपलेल्या बाईच्या छातीवर एक खुजं भूत बसलंय. २०११ मध्ये आधीच्या अनेक अभ्यासांची बेरीज मांडली गेली, तेव्हा शंभरातल्या साधारण आठ जणांना आयुष्यात एकदा तरी हे झालेलं निघालं. विद्यार्थ्यांमध्ये तर अठ्ठावीस जणांना.

हे सगळं मी रविवारी फोनवर आज्जीला सांगितलं. ती चिपळूणजवळच्या आमच्या गावी असते, वय ८४. मला वाटलं, हसेल. पलीकडे नुसती शांतता.

मग म्हणाली, “उताणी होतीस काय गो?”

१९६५ साल. आज्जी चोवीस वर्षांची. माझे बाबा दोन महिन्यांचे, रात्र रात्र रडायचे. पहाटे जरा डोळा लागला की तिच्या छातीवर कुणीतरी बसायचं. तिने भाबडेपणाने सासूला सांगितलं. झालं! बाहेरचं आहे म्हणून भगताला बोलावलं, धुरी दिली. आणि तान्ह्या पोराला काही करेल या भीतीने बाबांना दोन महिने जावेकडे ठेवलं. त्याच घरात, भिंतीपलीकडे. तो रडला की आज्जीला ऐकू यायचं, पण उठून जायची परवानगी नव्हती.

“नंतरही यायचं,” आज्जी म्हणाली, “पण मी परत कुणाला सांगितलं नाही.”

शिकागोत तेव्हा हा शोध लागून बारा वर्षं झाली होती.

“म्हणजे मला काहीच झालं नव्हतं?” तिने विचारलं.

“झोप पुरी होत नव्हती गं आज्जी. बस्स.”

“हे तुझ्या बापाला सांग,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मी सांगितलं. बाबा पुढच्याच एसटीने गावी गेले. तिथे काय बोलणं झालं, मी विचारलं नाही.

आता मी कुशीवर झोपते, ठरलेल्या वेळी झोपते, वाइन फक्त पार्टीत. तरी वर्षातून एकदोनदा पाहुणा येतोच. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे मी श्वासाशी झटापट करत नाही, फक्त पायाचा अंगठा हलवायचा प्रयत्न करते. तो हलला की सगळं सुटतं.

तुमच्याकडे कुणी असं काही सांगितलं तर हसू नका, घाबरू नका. आधी विचारा, झोप किती होते? आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाही एकदा विचारून बघा. त्यांना बहुधा कुणी विचारलेलंच नसतं.