वाडीचं पथक

कॉन्कॉर्ड, कॅलिफोर्निया

चि. मुक्तास,


तुमच्या ढोल-ताशा पथकात यंदा चाचणी घेऊन बाहेरची मुलं घ्यायचं घाटतंय आणि वाडीतली जुनी मंडळी बिथरली आहेत, असं ताईने सांगितलं. तू माझं मत विचारलंयस. ते देतोच, पण आधी इथली एक हकीकत ऐक. असाच पेच इथे पूर्वी पडला होता आणि तो कसा सुटला ते आता सगळ्यांसमोर आहे.

आमच्या गावात ‘ब्लू डेव्हिल्स’ नावाचं ड्रम कोअर आहे. नेहमीचा बँड समजू नकोस. बासऱ्या नाहीत, क्लॅरिनेट नाही. पितळी वाद्यं, तालवाद्यं आणि झेंडे फिरवणारी पोरं. वयाची मर्यादा 22. 1957मध्ये ते निघालं तेव्हा बिगूलसुद्धा नव्हते, नुसते ड्रम आणि घंटावाद्यं. 1976मध्ये ते पहिल्यांदा अजिंक्य ठरलं आणि त्यानंतर इतक्यांदा की आता वीसच्या वर अजिंक्यपदं झाली.

या प्रकाराचं मूळ मात्र युद्धात आहे. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी ‘अमेरिकन लीजन’ ही संघटना काढली. ड्रम आणि बिगूल त्यांच्या अंगवळणी पडलेले होते. पुढे माजी सैनिकांच्या शाखांनी गावातल्या मुलांचीही पथकं उभी केली. चर्चेसनी तेच केलं. न्यू जर्सीतल्या गारफिल्डमध्ये 1934 साली ‘होली नेम कॅडेट्स’ निघालं ते एका चर्चच्या आधाराने. शिकागोत 1948मध्ये डॉन वॉरन यांनी बॉय स्काउट मुलांमधून ‘कॅव्हलियर्स’ उभं केलं. गणवेशाचे पैसे शाखेचे किंवा चर्चचे, पोरं आसपासच्या घरांतली.

पण ज्याचा पैसा त्याचे नियम. स्पर्धा भरवायच्या माजी सैनिकांच्या संघटना, बक्षिसं ठरवायच्या त्याच आणि काय वाजवायचं, कसं चालायचं यावरही त्यांचाच अंमल. शेवटी वॉरन आणि वायोमिंगमधल्या ‘ट्रूपर्स’चे जिम जोन्स यांच्या पुढाकाराने पथकं एकत्र आली आणि ‘ड्रम कोअर्स इंटरनॅशनल’ ही त्यांची स्वतःची संस्था झाली. तिची पहिली अजिंक्यपद स्पर्धा 1972 साली विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटरला झाली. जिंकलं कॅलिफोर्नियाचं ‘अनाहाइम किंग्जमेन’. या बंडाच्या बाजूने मी पूर्णपणे आहे. वाजवणाऱ्यांनी वाजवण्याचे नियम ठरवावेत, यात गैर ते काय?

आता तुझ्या जिव्हाळ्याचा भाग. पूर्वी स्नेअर ड्रम पट्ट्याने खांद्यावरून लटकायचा, एका बाजूला कलता. म्हणून डाव्या हाताची काडी तळवा वर करून धरावी लागे. आता खांद्यावरच्या चौकटीमुळे ड्रम सपाट राहतो, तरी बरेच जण डावी काडी अजून तशीच धरतात. सवय म्हण किंवा परंपरा म्हण. चामड्याचं पान ओल्या हवेत सैल पडतं, हे भाद्रपदात वाजवणाऱ्याला मी काय सांगणार! 1950च्या दशकात प्लास्टिकची पानं आली आणि पुढे केव्हलारची, म्हणजे बुलेटप्रूफ जाकिटात असतो तो धागा. ते इतकं ताणता येतं की काडी पडताच उसळते. पण आवाज कोरडा आणि आखूड झाल्यामुळे एकाची काडी केसभर मागे राहिली तरी लपत नाही. पूर्वी तर परीक्षक मैदानात वाजवणाऱ्यांच्या मधून फिरत आणि प्रत्येक चुकीला गुणाचा दहावा भाग कापत. ही पद्धत 1984मध्ये बंद झाली, पण तोवर सगळ्यांचे हात घासून एकसारखे झाले होते.

मला मात्र खरं आवडतं ते बास ड्रमचं काम. तिथे सगळे एकच ठेका धरत नाहीत. लहानापासून मोठ्यापर्यंत प्रत्येक ड्रमचा सूर वेगळा आणि एकच ओळ पाच जणांत वाटलेली. कुणाच्या वाट्याला दोन आघात, कुणाच्या वाट्याला एकच. एकट्याचं ऐकलंस तर काही कळणार नाही. ‘सांता क्लारा व्हँगार्ड’मध्ये 1970च्या दशकात फ्रेड सॅनफर्ड यांनी ड्रमच्या रांगेला असं काही बोलतं केलं की पुढच्यांना तोच धडा झाला.

या सफाईची किंमतही सांगतो. आता चाचणी देशभरच्या मुलांची होते. उन्हाळाभर बसने फिरायचं, शाळांच्या जिमखान्यात जमिनीवर झोपायचं आणि त्यासाठी मुलांनीच हजारो डॉलर भरायचे. आमच्या भागातल्या पथकांनी बिंगो चालवून खर्च भागवला, पण सगळ्यांना ते जमलं नाही. गावोगावची शेकडो छोटी पथकं विझली. ते ‘कॅडेट्स’ गारफिल्ड सोडून कधीच पेनसिल्व्हेनियात गेलेलं. लैंगिक अत्याचाराच्या दाव्याचा खर्च पेलेना म्हणून 2024 साली, नव्वदीत बंद पडलं. तोवर ते कुठल्याच एका गल्लीचं राहिलं नव्हतं.

म्हणून माझं मत असं: ताशाला चाचणी घ्या, कारण ताशा डळमळला की सगळं पथक फरफटतं. तिथे हात चांगला असेल तर मूल कोथरूडचं की हडपसरचं, हे पाहू नका. ढोलाला मात्र वाडीतल्या कुणाला नाकारू नका. एखाद्याचं टिपरू मागे पडत असेल तर सरावाला तासभर आधी बोलवा आणि तू स्वतः त्याच्यासमोर ताशा घेऊन उभी राहा. जुन्यांना हे पटेल असं वाटतं. तुझ्या बरोबरीची मुलंच कुरकुर करतील.

ताई इथून परत निघेल तेव्हा तिच्याबरोबर सरावाचं रबरी पॅड पाठवतो. रात्री त्यावर वाजवलंस तर शेजारी भांडायला येणार नाहीत. यंदा ताशे किती आणि ढोल किती, ते कळव.

तुझा,
मामा