डेडलाइन पाळणारा जनरल

न्यूयॉर्क राज्यात, सॅराटोगा स्प्रिंग्जजवळच्या माउंट मॅक्ग्रेगरवर एक लाकडी कॉटेज आहे. आतल्या घड्याळात कायम ८.०८ वाजलेले. २३ जुलै १८८५ च्या सकाळी युलिसिस ग्रँट गेले आणि मुलाने, फ्रेडने, घड्याळ थांबवलं. सिव्हिल वॉर जिंकलेला, दोनदा राष्ट्राध्यक्ष झालेला हा माणूस १८८४ मध्ये पार्टनरच्या लबाडीने पार कफल्लक झाला. वर घशाचा कॅन्सर! बायको ज्युलियासाठी मागे काय ठेवायचं? म्हणून आत्मचरित्र. आवाज गेला, तर चिठ्ठ्या लिहून बोलायचे. झोप दोन खुर्च्या समोरासमोर लावून. (आणि आपण एसीत बसून डेडलाइनचं रडगाणं गातो.) लिखाण संपलं आणि काही दिवसांतच ते गेले. पुस्तक मार्क ट्वेनने काढलं. ज्युलियाला सुमारे ४,५०,००० डॉलर मिळाले. त्या खुर्च्या अजून तिथेच आहेत.