चाकाखालचे लिंबू आणि कायद्यातले लिंबू

नवी गाडी दाराशी आली की चारही चाकांखाली एकेक लिंबू ठेवायचे, नारळ फोडायचा, बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक काढायचे आणि लिंबे चिरडत गाडी पुढे घ्यायची. ही पद्धत सावलीतही आहे आणि बडोद्यातही. घर मराठी असो की गुजराती, त्यात फरक नाही. आम्हीही २०२२ च्या दसऱ्याला हे सगळे यथासांग केले आणि फोटो न्यू जर्सीतल्या माझ्या धाकट्या भावाला पाठवले. त्याने उलट लिहिले, "ताई, आमच्याकडे लिंबू गाडीखाली ठेवत नाहीत, नशीब फुटके असले तर गाडीच लिंबू निघते." नव्या पण सदोष गाडीला अमेरिकेत 'लेमन' म्हणतात, हे मला तेव्हा कळले. हसून सोडून दिले. महिना-दीड महिन्याने मात्र मीच त्याला फोन करून विचारले, "त्या लिंबाचा तुमच्याकडे काहीतरी कायदा आहे म्हणतात, तो काय रे?"

गाडी हौसेसाठी घेतली नव्हती. माझे सासरे, त्यांना आम्ही नाना म्हणतो, आठवड्यातून दोनदा बडोद्याला डायालिसिसला जातात, मंगळवारी आणि शुक्रवारी. तीस किलोमीटर जायचे, चार तास मशीनवर पडून राहायचे आणि तीस किलोमीटर परत यायचे. परतताना त्यांच्या अंगात त्राण नसते. बसमधून ते आता जमण्यासारखे नव्हते. म्हणून नानांच्या निवृत्तीच्या पैशांतले तीन लाख आणि बाकीचे बँकेचे कर्ज, अशी सात लाख ऐंशी हजारांची गाडी घेतली. कंपनीचे आणि शोरूमचे नाव मी इथे लिहीत नाही. प्रकरण मिटले आहे आणि आपल्या वाचकांपैकी काहींच्या घरची माणसे याच धंद्यात आहेत.

नोव्हेंबरात एका शुक्रवारी मंजुसर जीआयडीसीच्या अलीकडे, चालत्या गाडीचे इंजिन एकदम बंद पडले. इंजिन गेले की स्टिअरिंग दगडासारखे जड होते आणि ब्रेकचे पेडलही कडक होते, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांनाच कळेल. मागे सळ्या भरलेला ट्रेलर होता. त्या ड्रायव्हरने हॉर्न वाजवत कसाबसा बाजूने काढला. मागच्या सीटवर नाना डोळे मिटून होते, त्यांना काही कळले नाही, ते बरेच झाले. दहा मिनिटांनी किल्ली फिरवली तर गाडी काही झालेच नाही अशा थाटात सुरू झाली.

सर्व्हिस स्टेशनवर गाडी कॉम्प्युटरला लावली. कॉम्प्युटर कोणताच कोड दाखवेना. जॉबकार्डवर लिहून मिळाले, 'तपासले, दोष आढळला नाही.' दुसऱ्या वेळी एक सेन्सर बदलला. तिसऱ्या वेळी पेट्रोलचा पंप बदलला. चौथ्या वेळी सॉफ्टवेअर नवे घातले. पाचव्या वेळी मॅनेजरसाहेबांनी शेरा मारला, 'ग्राहकाची गाडी चालवण्याची पद्धत.' माझे यजमान बावीस वर्षे गाडी चालवतात आणि घरात त्यांच्या सावकाशपणाची चेष्टा होते! सात महिन्यांत गाडी एकूण एकतीस दिवस त्यांच्याकडे पडून होती. त्या दिवसांत नानांना भाड्याच्या टॅक्सीने न्यावे लागे आणि बँकेचा हप्ता तर गाडी उभी असली तरी पाच तारखेला कापला जातोच.

इथे आमच्या मोठ्या मुलीचे काम सांगायला हवे. ती तेव्हा नववीत होती. विज्ञानाच्या प्रयोगवहीसारखे तिने एका शंभर पानी वहीत रकाने आखले: तारीख, जागा, किती किलोमीटर झाले, निघाल्यापासून किती मिनिटांनी बंद पडली, एसी चालू होता की नाही, बाहेर ऊन किती, परत सुरू व्हायला किती वेळ लागला. सहाव्या नोंदीनंतर तीच म्हणाली, "आई, ही बावीस मिनिटांच्या आत एकदाही बंद पडलेली नाही." आणि सर्व्हिस स्टेशनवाले चाचणी घ्यायचे ती पुढच्या सर्कलपर्यंत जाऊन यायची, फार तर दहा मिनिटे. गाडी पुरती तापायच्या आतच ती 'निर्दोष' ठरत होती. तिथल्या तरुण फोरमनने ती वही उभ्याउभ्याच सगळी वाचली आणि म्हणाला, "बेन, असे लिहून आजवर कोणी आणले नाही." पण पुढे काही करणे त्याच्या हातात नव्हते.

आता भावाने सांगितलेल्या कायद्याविषयी. अमेरिकेत कनेक्टिकट राज्याने १९८२ साली पहिला 'लेमन लॉ' केला आणि पुढे सर्व राज्यांत तसे कायदे झाले. न्यू जर्सीत नियम असा, की पहिल्या दोन वर्षांत किंवा २४,००० मैलांच्या आत एकाच दोषासाठी गाडी तीनदा दुरुस्तीला देऊनही तो गेला नाही, किंवा गाडी एकूण वीस दिवस दुरुस्तीत पडून राहिली, तर ती 'लेमन' असल्याचे कायदा गृहीत धरतो. कंपनीला रजिस्टर पत्राने एक शेवटची संधी द्यायची. त्यानंतर गाडी बदलून किंवा पैसे परत. दोष नेमका कुठल्या तारेत आहे, हे ग्राहकाने शोधून द्यायचे नसते. फेऱ्या आणि दिवस मोजले की पुरे. आमच्या पाच फेऱ्या आणि एकतीस दिवस तिथे कितीतरी जास्त झाले असते.

आपल्या देशात गाड्यांसाठी असा वेगळा कायदा नाही. आपल्याकडे आहे तो ग्राहक संरक्षण कायदा. पहिला १९८६ चा, आणि त्याच्या जागी आलेला २०१९ चा, जो २० जुलै २०२० पासून लागू झाला. हा कायदा दुबळा नाही, हे मी अनुभवाने सांगते. दोष काढून देणे, वस्तू बदलून देणे, किंमत व्याजासह परत करणे, नुकसानभरपाई देणे, हे सर्व आदेश ग्राहक आयोग देऊ शकतो. वस्तूची दिलेली किंमत पन्नास लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगाकडे जायचे. तक्रार आता आपण राहतो तिथेच करता येते, कंपनीचे मुख्य कार्यालय कुठे का असेना. त्यामुळे आम्हा सावलीकरांना बडोद्याच्या पलीकडे जावे लागत नाही. वकील लावलाच पाहिजे असे नाही. पाच लाखांपर्यंत फी नाही आणि आमच्या गाडीला फी पडली फक्त २०० रुपये. मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार केली पाहिजे. आज बघू, उद्या बघू असे म्हणता म्हणता दोन वर्षे कशी जातात ते कळत नाही.

पण एक अडचण आहे. आपला कायदा फेऱ्या मोजत नाही, तो दोष सिद्ध करायला सांगतो. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली मारुतीच्या एका खटल्यात म्हटले, की वॉरंटीत सदोष भाग बदलून देण्याचे बंधन आहे, म्हणून अख्खी गाडी बदलून द्या असे सांगता येणार नाही. फियाटच्या एका गाडीच्या प्रकरणात २०१० साली त्याच न्यायालयाने सांगितले, की स्वतंत्र तज्ज्ञाने मूळचा निर्मितीदोष आहे असे मत दिले, तर ग्राहकाला किंमत, कर आणि हप्ते १२ टक्के व्याजासह परत मिळतील. म्हणजे सगळे त्या तज्ज्ञाच्या अहवालावर येऊन ठेपते. २०२२ साली मात्र ह्युंदाईच्या प्रकरणात वेगळा सूर लागला. अपघातात एअरबॅग उघडल्या नव्हत्या. ग्राहक काही भौतिकशास्त्राचा जाणकार नसतो, धडक बसल्यावर एअरबॅग उघडतील असेच तो धरून चालणार, अशा अर्थाची भूमिका घेऊन न्यायालयाने भरपाई आणि गाडी बदलून देण्याचा आदेश कायम ठेवला. मला हा निकाल फार महत्त्वाचा वाटतो. सामान्य माणसाने गाडी उघडून कारण सांगावे ही अपेक्षाच मुळात चुकीची आहे.

गोव्याच्या एका ग्राहकाचे प्रकरणही लक्षात ठेवण्याजोगे आहे. २०११ मध्ये त्याने नव्या गाडीचे पैसे भरले आणि त्याला मिळाली २००९ ची, सहाशेहून अधिक किलोमीटर चाललेली. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये डीलरला जबाबदार धरले, टाटा मोटर्सला मोकळे केले. कंपनी डीलरला गाडी विकते आणि डीलर आपल्याला विकतो, हे दोन वेगळे व्यवहार आहेत. म्हणून तक्रारीत दोघांचीही नावे घालावीत आणि कोणाचा काय दोष ते स्वतंत्र लिहावे. नोंदणी पुस्तकात गाडीच्या निर्मितीचा महिना आणि वर्ष असते, तेही गाडी घेतानाच पाहून घ्यावे.

आम्ही ऑगस्ट २०२३ मध्ये तक्रार दाखल केली. सोबत पाचही जॉबकार्डे, टॅक्सीच्या पावत्या आणि मुलीच्या वहीची झेरॉक्स जोडली. समोरच्या वकिलांनी वहीला 'बालिश कागद' म्हटले. आयोगाने मात्र ती ठेवून घेतली आणि एका इंजिनिअरिंग कॉलेजातल्या प्राध्यापकांना तज्ज्ञ म्हणून नेमले. त्यांचे पंधरा हजार रुपये आधी आम्हालाच भरावे लागले. वही वाचून त्यांनी सांगितले, की चाचणी मे महिन्यात दुपारी, एसी लावून, सलग चाळीस मिनिटे घ्यायची. छत्तिसाव्या मिनिटाला गाडी बंद पडली, समोरच्या पक्षाचा माणूस आत बसलेला असताना! इंजिनाजवळच्या वायरींचा जुडगा कारखान्यातच एका क्लिपमध्ये चुकीचा बसवला गेला होता आणि तो सायलेन्सरच्या गरम पाइपाला टेकत होता. तापले की आतली जोडणी सुटे, निवले की पुन्हा लागे. निर्मितीदोषच होता, पण दुरुस्त होण्यासारखा.

त्यानंतर आयोगाने प्रकरण मध्यस्थीसाठी दिले. २०१९ च्या कायद्यात तशी सोय आहे, दोन्ही बाजू तयार असल्या तर. यजमान पैसे परत घेण्यावर अडून होते. मीही त्याच मताची होते. पण वरच्या आयोगात अपील झाले तर आणखी दोन-तीन वर्षे सहज जाणार. नानांनी सगळे ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाले, "मला मंगळवारी जायचं असतं रे." त्यावर कोण काय बोलणार? ऑगस्ट २०२४ मध्ये तडजोड झाली. सगळे वायरिंग नवे, दोन वर्षे वाढीव वॉरंटी, टॅक्सीचा आणि तज्ज्ञाचा खर्च, आणि वर साठ हजार रुपये. तेव्हापासून गाडी एकदाही बंद पडलेली नाही. तरी मला हा पूर्ण न्याय वाटत नाही. जीव धोक्यात घालून दोन वर्षे काढली त्याचा हिशेब त्यात कुठेच नाही. फेऱ्या आणि दिवस मोजणारा साधा नियम आपल्याकडेही व्हायला हवा, असे माझे स्पष्ट मत आहे.

तोपर्यंत आपल्या हातात जॉबकार्ड आहे. गाडी देताना तक्रार आपल्या शब्दांत लिहून घ्या. सर्व्हिसवाले 'जनरल चेकअप' असे लिहितात, ते चालू देऊ नका. 'चालत्या गाडीत इंजिन बंद पडते' असेच लिहायला लावा आणि प्रत घेतल्याशिवाय निघू नका. फोनवर झालेले बोलणे त्याच दिवशी मेलने कळवून ठेवा. ज्यांच्या जीपा भाड्याने चालतात त्यांच्यासाठी: व्यापारी कारणासाठी घेतलेल्या वस्तूला हा कायदा लागत नाही, पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली गाडी त्यात येते. विश्वस्त मंडळींनाही एक विनंती. २०१७ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने ट्रस्टला जुन्या कायद्याखाली तक्रार करता येत नाही असे म्हटले होते. नव्या कायद्यात 'व्यक्ती' या शब्दाची व्याख्या अधिक रुंद आहे, तरी शाळेसाठी बस घेण्याचा विचार असेल तर आधी वकिलांना विचारून घ्यावे.

तक्रार करण्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर लावून पाहता येतो. आमच्या तक्रार अर्जाची आणि त्या वहीच्या रकान्यांची प्रत, नावे झाकून, मी शाळेच्या कार्यालयात ठेवली आहे. ज्या पालकांना हवी असेल त्यांनी मुलांबरोबर चिठ्ठी पाठवावी. झेरॉक्सचे पैसे नकोत.